तिसऱ्या ओवीचा अर्थ

बंगळूर,
रविवार, ८ नोव्हेंबर १९५९

सौ. वसूस,

रिवाजाप्रमाणे 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायला बसलो होतो. पण तुला आशीर्वाद देण्याइतका मी शहाणा नाही हे या महिन्यात सिद्ध झालं आहे, तेव्हा या खेपेस आशीर्वाद तूच दे.

मी खुशाल आहे. निपाणीहून आईंनी पाठवलेला चिवडा पोचला. डबा उघडल्याचा आवाज भिंतीपलीकडे कसा जातो कोण जाणे, शेजारच्या जमनाबाई लगेच हजर. "अण्णा, ऊटा आयता? तुमचं जेवण झालं का ते बघायला आले, स्वल्पच बसते." त्या स्वल्पात निम्मा डबा संपला. तुझे पाय सुजतात असं लिहिलं आहेस. सातव्या महिन्यात चालायचंच म्हणतात, तरी डॉक्टरीणबाईंना दाखव आणि विहिरीवर जाऊ नकोस.

क्वार्टरच्या यादीचं काय झालं, हे तू दोनदा विचारलं आहेस. सांगतो. आधी कारखान्यातली एक गंमत ऐक.

मी हातात स्टॉपवॉच घेऊन कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते टिपत हिंडतो, हे तू तिथे सगळ्यांना सांगितलंच असशील. दसऱ्यानंतर मला कॉइल विभाग दिला. तिथे पंधरा बायका ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलवर तांब्याची तार गुंडाळतात. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने तार ताणून धरायची. बहुतेक सगळ्या आपल्याकडच्या, आणि जात्यावर बसल्यासारख्या दिवसभर ओव्या म्हणतात. मी पडलो हुशार माणूस. तक्त्यात लिहून टाकलं, 'गाणे: वाया जाणारा वेळ.' आमचे मॅनेजर शेषगिरीराव यांनी दुसऱ्याच दिवशी गाणं बंद केलं.

आणि कॉइली बिघडायला लागल्या! एका थरात अडतीस वेढे, दुसऱ्यात त्रेचाळीस. तपासनीस डोकं धरून बसला. मशिनं तपासली, तार तपासली, शेवटी मी त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गंगव्वाला विचारलं. ती म्हणाली, "मोजत कोण बसतंय दादा? एक ओवी म्हंजे चाळीस येढं. ओवी सरली की वर कागूद लावायचा, दुसरी ओवी धरायची. तुमी ओवीच बंद केलीसा, आता येढं मोजायला गणिताचा मास्तर आणा."

माझं तोंड बघायला तू हवी होतीस. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन मी जे शोधत होतो ते त्या बायका गळ्यात घेऊन बसल्या होत्या.

गाणं परत सुरू करावं लागलं. पण शेषगिरीरावांच्या मनात पाल चुकचुकली. ते म्हैसूरकडचे, मराठीचा गंध नाही. म्हणाले, "सरी, ठीक आहे, गाऊ देत. पण शब्द काय आहेत ते मला कळलं पाहिजे. युनियनचं काही निघालं तर गाणारी घरी जाईल. तू मराठी माणूस, अर्थ लिहून आण."

मी वही घेऊन बसलो, बायकांनी हसत हसत म्हणून दाखवलं. पहिली अशी:

भोंगा वाजतो पहाटं, चूल माझी अर्धी राही
साहेबाच्या बंगल्यात कोंबडा बी उठत न्हाई

आणि दुसरी:

तार गुंडाळते बाई, दिवे लागती शहराला
माझ्या घरची चिमणी गं महाग झाली तेलाला

आता याचा अर्थ साहेबाला काय सांगायचा? मी इंग्रजीत लिहिलं, 'कामगार उत्साहाने पहाटे उठतात. त्या वेळी साहेबांच्या बंगल्यात शांतता असते.' दुसरीचा अर्थ, 'आपण शहरांना प्रकाश देतो याची कामगार स्त्रीला जाणीव आहे.' आणि 'तिसरी ओवी भावाला उद्देशून आहे, जशी ती आमच्याकडे असतेच.' शेषगिरीराव इतके खूश झाले की त्यांनी ते टाइप करून नोटीस बोर्डावर लावलं. बोर्डापुढे उभं राहून स्वतःच दोनदा वाचलं.

गंगव्वाने मला गाठलंच. "दादा, काय लिवलायसा ते आमास्नी वाचून दावा की." मी मराठी करून वाचलं. चौदाजणी हसून लोळल्या. गंगव्वा तेवढी हसली नाही. म्हणाली, "आमी रडगाणं सांगितलं आन् तुमी त्येची आरती केलीसा. बरं, तिसरी कुठं गेली? ती तर तुमच्यासाठी केलीया."

वसू, तिसरी मी अजून तुलाही लिहिली नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

त्या विभागात तानूबाई म्हणून एक आहे. तिचं तीन महिन्यांचं मूल तिची सासू दुपारी फाटकाशी घेऊन येते, तानूबाई जाऊन पाजून येते. मी तेही मोजलं होतं. 'अकरा मिनिटे, टाळता येण्याजोगी.' हे माझं अक्षर आहे, माझी सही आहे. गाण्याबरोबर साहेबांनी तेही बंद केलं. गाणं परत आलं, ती अकरा मिनिटं आली नाहीत. तानूबाई ओला पदर घेऊन दांडा फिरवत होती आणि मी समोर उभा राहून वेढे मोजत होतो. तेव्हा गंगव्वाने तिसरी जोडली:

घड्याळवाल्या दादा, माझं लेकरू पाजणं मोजलं
तुझ्या आईनं रं तुला किती मिनिटांत पाजलं?

गंगव्वाची नोकरी जाऊ नये म्हणून ही गाळली, असं मी स्वतःला समजावत होतो. खोटं आहे ते. लाज वाटली म्हणून गाळली. त्यातून क्वार्टरची यादी शेषगिरीरावांच्याच सहीसाठी थांबलेली. दोन खोल्या, घरात नळ, तू बाळाला घेऊन थेट तिथेच उतरायचं, असं आपलं ठरलेलं. त्या नळासाठी मी एक ओवी गिळायला तयार झालो होतो.

परवा मी तिन्ही ओव्यांचा खरा अर्थ लिहून नेला, कोंबड्यासकट. खाली लिहिलं, 'तिसरी माझ्याविषयी आहे आणि ती खरी आहे. माझी मोजणी चूक होती, ती मी मागे घेतो. अकरा मिनिटे कामातच धरावीत.' शेषगिरीराव वाचत गेले, कोंबड्यापाशी त्यांची मिशी जरा हलली. मग म्हणाले, "ऑफिसरचा अपमान आहे हा. तक्रार दे, त्या बाईला काढतो."

"माझी तक्रार नाही."

"क्वार्टरची यादी कुठे आहे ठाऊक आहे ना?"

"तुमच्या टेबलावर."

"सरी," म्हणाले, आणि माझ्यादेखत पेन उघडून एका नावावर रेघ मारली. स्टॉपवॉचही ठेवून घेतलं. मात्र सही करणाराच मोजणी मागे घेतो म्हटल्यावर ती वापरता येईना. कालपासून तानूबाई फाटकाशी जाते. गंगव्वा कामावर आहे, तक्रारदारच नाही तर तक्रार कसली! मी उद्यापासून पुन्हा ड्रॉइंग ऑफिसात, जुन्या जागी, जुन्याच पगारावर. गमतीची गोष्ट अशी की काल जेवणाच्या सुट्टीत मला कडकडून भूक लागली. महिनाभर लागत नव्हती.

हे सगळं करण्याआधी तुला विचारायला हवं होतं. वेळ नव्हता असं लिहिलं तर तेही खोटं होईल. तू 'नको' म्हणाली असतीस तर माझ्याच्याने झालं नसतं, म्हणून विचारलं नाही. यावर तुला राग येईल आणि तो बरोबर असेल. बाबांना जावई ऑफिसर झाल्याचं केवढं कौतुक होतं. त्यांना मीच लिहीन, तू अवघडून सांगत बसू नकोस.

आता राहिली के. आर. पुरमची ही एकच खोली. नळ आवारात, सात बिऱ्हाडांत एक. पाणी मी भरीन, पहाटे नंबर लावीन, लंगोट धुवीन, आणि हे चारचौघांत सांगितलंस तरी चालेल. पण तू नाराजीने येऊ नयेस. बाळाला घेऊन या खोलीत येशील का, एवढं खरं खरं लिही. 'नाही' असेल तर 'नाही'च लिही, त्याचा मी दुसरा अर्थ लावणार नाही.

उत्तराची वाट पाहणारा, क्वार्टर नसलेला, तुझाच

उमाकांत