शिवप्पाची शिफारस, आठ दिवसांच्या बोलीवर

९ बहमन १३५२ फसली (इंग्रजी सन १९४२, डिसेंबर). सकाळचे सात.

बाजाराच्या ओट्यावर बसून टाक पुसत होतो. शिवप्पा आला, शेजारी बसला आणि माझ्या फडक्यातली भाकरी खाऊ लागला. अर्धी संपल्यावर म्हणाला, "तुझ्याकडं एक काम हाय."

तामलवाडीच्या हणमंतप्पांना धान्याच्या आडतीवर माप घालायला माणूस हवा आहे. ओळखीच्या माणसाचं शिफारशीचं पत्र आणा, असा त्यांचा निरोप आहे. शिवप्पाचं उमाबाईशी जमत आलंय, पण तिची आई गंगम्मा अडून बसली आहे — संक्रांतीपर्यंत नोकरी लागली तर पोरगी, नाही तर दुसरं स्थळ तयार आहे.

मी म्हणालो, "मी नळदुर्गच्या बाजारात बैलांच्या पावत्या लिहितो. माणसावर कधी लिहिलं नाही."

"बैलावर येतंय तर माझ्यावर का येत न्हाय? माझे तर पायबी दोनच."

१० बहमन.

पहिला खर्डा केला. "सुशील, प्रामाणिक, कष्टाळू." सगळ्या वेलांट्या दोनदा तपासल्या. मी ज्यांच्या हाताखाली लिहितो त्या दगडोबा दलालांना वाचून दाखवला. ते तंबाखू चोळत होते.

"सोमलिंगा, हे कुणाबद्दल हाय?"

"शिवप्पाबद्दल."

"हे माझ्या सासऱ्याबद्दलबी चालंल, आन त्यो तर तुरुंगात हाय. लेका, बैल चांगला हाय म्हणल्यानं कोण दाम काढतंय? चाल सांग, ओझं सांग, खाणं सांग. आन एक खोड आपणहून सांग. मग बाकीचं खरं वाटतंय."

खर्डा रद्द. मागची बाजू वापरता येईल.

११ बहमन.

शिवप्पाला विचारलं, तुझी खोड काय? बराच विचार करून म्हणाला, "न्हाय."

गंगम्मामावशींना विचारलं. त्या भांडी घासत होत्या, थांबल्या नाहीत. "एक सांगू का समद्या?"

एकच पुरे, म्हणालो.

"जेवताना गप बसत न्हाय. घास तोंडात आन गोष्ट अर्धी. आमी हात वाळवत बसतो." लिहून घेतलं.

१२ बहमन.

परीक्षा घेतली. शिवप्पानं ज्वारीचं पोतं उचलून वेशीपर्यंत नेलं. परत येईना म्हणून बघायला गेलो. वेशीत एका म्हातारीला वाटलं पोतं तिचंच आहे; याला नाही म्हणवेना, म्हणून तिच्या घरी टाकून आला. पोतं दगडोबांचं. परत मागायला मलाच जावं लागलं. म्हातारी लई बोलली. हे गुणात धरावं की खोडीत? ठरेना. "ओझ्याला भीत नाही" एवढंच लिहिलं.

नंतर दगडोबांनी त्याच्या पाठीमागे डबा बडवला. शिवप्पा हलला नाही.

"बुजत न्हाय, लिही," दगडोबा म्हणाले.

जवळ जाऊन पाहिलं. झोपला होता. तरी लिहिलं. खोटं नाही ते.

१४ बहमन.

बाजाराचा दिवस. गर्दीतच पत्र साफ उतरवलं आणि टपालात टाकलं. सुटलो.

१५ बहमन.

सुटलो नाही. मी प्रत्येक पावतीची नक्कल ठेवतो, तशी याचीही ठेवली होती. आज वाचली.

"शिवप्पा, वय चोवीस, रंग सावळा, अंगानं उंच. चाल सावकाश, पण मध्ये बसत नाही. ओझ्याला भीत नाही. आवाजाला बुजत नाही. खाणं जास्त, ते आधीच कबूल. खोड एक — जेवताना बोलतो."

इथपर्यंत ठरवून लिहिलेलं. पण डावीकडे एक बैल, उजवीकडे एक बैल, समोर भांडणारी गिऱ्हाइकं — पुढचं हातानं सवयीनं उतरवलं:

"मारत नाही. दावं तोडत नाही. लहान मूलही पाणी पाजू शकेल. आठ दिवसांत दुसरी खोड निघाल्यास परत आणून बांधावा, हरकत नाही."

आणि खाली माझी सही. वळणदार.

शिवप्पाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दावं तोडत न्हाय, हे बरं घातलंस."

गंगम्मामावशी म्हणाल्या, "आठ दिवसांची बोली मलाबी लिहून दे. लग्नाच्या वक्ताला लागंल."

१७ बहमन.

उत्तर नाही. जेवण गेलं नाही. शिवप्पाला गेलं — माझं.

२१ बहमन.

हणमंतप्पांचं उत्तर आलं. मी पाकीट दगडोबांपुढे सारलं, त्यांनी फोडलं.

"आमच्याकडे पुष्कळ पत्रं आली. सगळीच माणसं सुशील. माणूस खातो किती, हे तुम्हीच तेवढं सांगितलंत. पाठवून द्या. आठ दिवसांची बोली मंजूर."

शिवप्पा दुपारच्या मोटारीनं गेला. मोटार दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून बोलत होता. गंगम्मामावशींना मी म्हणालो, आता तिथी काढा. त्या म्हणाल्या, "आधी आठ दिस टिकू दे."

२६ बहमन.

रस्त्यावर कुणी उंच माणूस येताना दिसला की टाक ठेवून उठतो, शिवप्पा परत आला की काय ते बघायला. आज तीन उंच माणसं आली. बाजारात एवढी उंच माणसं असतात हे माहीत नव्हतं. भाकरी मात्र पुरून उरते. उरलेली कुणाला द्यावी ते कळत नाही.

२९ बहमन.

हणमंतप्पांचं दुसरं पत्र.

"माप चोख घालतो. त्याच्यात दुसरी खोड नाही, खोड सौद्यात आहे. दिवसभर आमचा सोमलिंग असा आणि आमचा सोमलिंग तसा, एवढंच त्याच्या तोंडून ऐकतो आहे. जोडी फोडून एकच द्यायचा, हे तुम्हाला शोभलं नाही. आमच्या आडतीवर लिहिणाराही हवा आहे. दुसरा ताबडतोब पाठवावा, पावतीसह."

गंगम्मामावशींनी तिथी काढायला माणूस धाडला.

माझी पावती मला लिहिता येत नाही, तसा नियम आहे. दगडोबांना सांगितलं. ते ओट्यावर चढले आणि त्यांनी माझी हनुवटी धरली.

"आ कर. दात बघू."