डावीकडची सीट

३ फेब्रुवारी
घरी आले. मास्तर गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून सारखा पायाने ब्रेक दाबत होते — या गाडीला माझ्या बाजूला ब्रेक नाही हे विसरून! इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवली की पाय असाच होतो. “अगं, मी लायसन्सवाला आहे,” नवरा म्हणाला. शाळेत गणित शिकवतो, म्हणून घरीदारी मास्तरच.

गाठीसकट डावा स्तन काढला. त्याच वेळी छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी ठेवली आहे. तिच्यात दर पंधरवड्याला खारं पाणी भरायचं, कातडी हळूहळू ताणायची, आणि शेवटी पिशवी काढून तिथे कायमचा नवा स्तन बसवायचा. सही करताना मी नुसतं हो हो म्हणत होते. डोकं काढून भोपळा बसवतो म्हणाले असते तरी सही केली असती.

५ फेब्रुवारी
हात वर जात नाही. केस विंचरता येत नाहीत. नुसती चिडचिड.

९ फेब्रुवारी
ड्रेसिंग निघालं. बघितलं. आडवी शिवण आणि खाली जेमतेम उंचवटा. बराच वेळ नळ सोडून बसले.

पोरीने बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं, “आई, येऊ?” नको म्हटलं. मग तिथेच दाराला टेकून बसली आणि मोबाइलवरचे फालतू विनोद वाचून दाखवायला लागली. हसलं की टाके ओढतात. तरी हसले.

१८ फेब्रुवारी
पहिलं पाणी. प्लास्टिक सर्जनला मी मनातल्या मनात शिंपी म्हणते. हवापाण्याचं बोलतानासुद्धा नजरेने माप घेत असतो. पण माणूस भला आहे. त्याने लोहचुंबकाने पिशवीची झडप शोधली आणि सुई टोचली. टोचल्याचं कळलंच नाही, तिथे आता काहीच कळत नाही. संध्याकाळी मात्र छाती दोरीने करकचून बांधल्यासारखी झाली.

“किती मोठा हवा?” शिंपी.
“उजव्याएवढा! आणखी काय?”
सिस्टर हसल्या. मी नाही.

२ मार्च
वन्सं येऊन गेल्या. “करून घेच गं सगळं. बाईच्या जातीला असं अपुरं राहून चालत नाही.” अपुरं! मी काय अर्धवट विणलेला स्वेटर आहे? ओठांवर आलं होतं, गिळलं. चहा दिला. भांडायलासुद्धा ताकद लागते.

१८ मार्च
तिसरं पाणी. कूस बदलता येत नाही. हे सगळं मी कुणासाठी करते आहे? स्वतःला विचारायचं राहूनच गेलं.

३ एप्रिल
कामावर! शिंप्याने रोज एका शिकवणीची परवानगी दिली. माझी गाडी, डावीकडची माझी सीट, पायाशी माझा दुसरा ब्रेक. किती बरं वाटलं! मग बेल्ट ओढला. डाव्या खांद्यावरून आला तो थेट पिशवीवर. जीव कळवळला.

शिकायला दातांची डॉक्टरीण होती. तिला म्हटलं, पोट बिघडलंय, आज राहू दे. शिकणाऱ्यांपैकी कुणाला काही माहीत नाही. सैल शर्ट घालते, चालून जातं.

घरी येऊन मास्तरांपुढे रडले. त्या सीटवर बसता आलं नाही तर मी करू काय?

५ एप्रिल
मास्तरांनी बेल्टला वरच्या बाजूला कपडे वाळत घालायचा जाड चिमटा लावून दिला. बेल्ट ढिला राहतो, अंगाला लागत नाही. “कसं वाटतंय?” अवघड गणित सुटल्यासारखा चेहरा.

बेल्ट ढिला ठेवला म्हणून मी किती जणांना गाडीतून उतरवलंय! “हा बेल्ट आहे, मफलर नाही” — माझंच वाक्य, सगळे शिकाऊ माझी नक्कल करतात. पण चिमटा काढा म्हणवेना. फार दमले आहे. आणि खरं सांगायचं तर बसायला छान वाटलं.

१२ एप्रिल
गल्लीतून सायकलवाला आडवा आला. डॉक्टरीण थिजली. मी माझा ब्रेक दाबला, जीव खाऊन. गाडी थांबली. मी थांबले नाही. छातीने डॅशबोर्डवर आदळले.

सायकलवाला शिव्या देत निघून गेला, म्हणजे धडधाकट होता. डॉक्टरीण माझ्याकडे वळली. “मॅडम, तुमचा बेल्ट —” आणि तिला चिमटा दिसला. मग रस्त्याच्या कडेला तिला सगळं सांगितलं. “अहो, आधी सांगायचं नाही का!” म्हणाली, आणि माझ्याआधी तीच रडली.

१४ एप्रिल
सकाळी पाहिलं तर डावी बाजू बसलेली. पिशवी फाटली. खारं पाणी अंगात जिरून गेलं, धोका काही नाही. शिंपी म्हणाला, नवी घालायची तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पहिल्यापासून पाणी. नाहीतर ही काढून टाकू आणि सपाटच ठेवू. “पुष्कळ जणी तशाच राहतात, मजेत राहतात. विचार करा.”

मास्तरांनी चिमटा कचऱ्यात टाकला. “माझ्यामुळे झालं,” भिंतीकडे बघत म्हणाले. “चिमटा मी चालवून घेतला,” म्हटलं. “ब्रेकही मीच दाबला.” पण त्यांचं तोंड काही उजळेना.

१५ एप्रिल
आता सगळ्यांचं एकमत! वन्संचा फोन: “जाऊ दे गं, या वयात कुणाला दाखवायचंय?” अपुरं कुठे गेलं कोण जाणे. मास्तर: “सोड आता. मला काही फरक पडत नाही, खरंच.” मायेने म्हणाले. मीही हो म्हटलं. सुटले एकदाची. परवा शिंप्याला सांगायचं, काढून टाका.

१७ एप्रिल
पोरीने हट्टच धरला, दवाखान्यात मी नेणार. तिला मीच शिकवलंय, लायसन्स नवंकोरं. मी डावीकडे बसले. किल्ली फिरवायच्या आधी माझ्याकडे पाहून म्हणाली, “आई, बेल्ट.” थेट माझाच आवाज!

लावला. खांद्यावरून सरळ आडवा गेला. कुठे अडला नाही, कुठे टोचला नाही. आणि मला रडू कोसळलं.

“दुखतंय का गं?”
“नाही. दुखत नाहीये.”

तिला कसं सांगू! मला तो उंचवटा हवा होता. तिथे काहीतरी असायला हवं होतं. वन्संचं राहू दे, मास्तरांना फरक पडत नाही तर नको पडू दे — मला पडतो! आधी करून घेच, मग जाऊ दे — सगळ्यांच्या त्या गलक्यात माझं मलाच ऐकू आलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवरून परत आलो. पोरीने इंडिकेटर देऊन वळण घेतलं. गाडी बरी चालवते.

१८ एप्रिल
शिंप्याला फोन केला. नवी पिशवी घाला म्हटलं. “उजव्याएवढाच ना?” त्याने विचारलं.

“नाही. जरा लहान. वरून बेल्ट नीट बसला पाहिजे.”