राखणीचा अर्ज

सोमवार, ३ फेब्रुवारी १९३६
हातखंब्याच्या दारूच्या दुकानावर सरकारी पाटी लागली. एका गिऱ्हाइकाला एका वेळी दोन बाटल्या, जास्त हव्या तर आबकारी खात्याचा पास. पुढे ही गर्दी! वाचता कोणालाच येत नव्हतं. मी वाचून दाखवली. मग इंग्रजीतूनही वाचली. तशी गरज नव्हती, पण कायदा मूळ भाषेत ऐकलेला बरा.

लोक भडकले. एकजण म्हणाला, लग्नात पावण्यांना काय ताक पाजायचा? दुसरा म्हणाला, पाटी उपटा नि चुलीत घाला. मी म्हटलं, हा मार्ग नव्हे, सनदशीर मार्ग असतो. गर्दी पांगली. माझ्या शब्दाला वजन आहे ते असं.

मला स्वतःला या रूलचं काहीच नाही. मी घेत नाही. खोकल्यावर एक चमचा, तीही वाडीतल्या येसूबाईनं परसात गाळलेली. औषध म्हणून.

बुधवार, ५ फेब्रुवारी
महिपत गावकराच्या अंगणात गावकी बसली. आठ मार्चला शिमग्याची पौर्णिमा. त्याआधी वेशीवरच्या राखणदाराला गावची राखण द्यायची: एक कोंबडा आणि घागरभर दारू. घागर आणायची कशी?

महिपतनं हळू आवाजात सांगितलं, त्याच्या आज्याच्या वेळी एका वर्षी राखण चुकली होती. मिरगाच्या आत पटकीनं गावातली अकरा माणसं गेली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अंगावर काटा आला तो गार वाऱ्यानं.

महिपतचं म्हणणं, चाळीस घरा हायत, घरटी दोन बाटल्या आनल्या तरी घागर भरल, कागुद कशाला? मी म्हटलं, चाळीस माणसांनी गुत्त्यापुढे रांग लावायची हा गावाचा अपमान आहे. एक अप्लिकेशन, एक पास, काम खलास. मुंबईच्या गोदीत एकवीस वर्षं टॅली क्लार्क होतो. साहेबाला कागद कसा घालायचा ते मला विचारा.

पौर्णिमेच्या आत पास आणून देतो, नाहीतर गावात तोंड दाखवणार नाही, असा शब्द दिला. महिपतनं नारळ हातात ठेवला. आता मागे हटणं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
अर्जाचा मसुदा पुरा. सुरुवातीला विलायतेच्या बादशहांच्या गेल्या महिन्यातल्या निधनाबद्दल गावातर्फे दुखवटा, पाने दोन. मग कोकणच्या हवामानाचा इतिहास. बायकोला, सावित्रीला, वाचून दाखवला. ती म्हणाली, दारूचं चौथ्या पानावर येतंय, तोवर साहेब जेवायला नाही का जाणार? बायकांना ड्राफ्टिंग कळत नाही.

खोकला वाढला आहे. दोन चमचे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
पहाटे अचानक सुचलं! नुसत्या शब्दांवर साहेब विश्वास ठेवणार नाही, आकडे हवेत. तक्ता आखला. रकाने: नाव, घर कुठे, वर्षाची गरज, माल कुठून मिळतो, सध्या घरात शिल्लक किती. लाल शाईच्या रेघा. इतका सुंदर तक्ता गोदीतही केला नव्हता.

दिवसभर घरोघर फिरलो. शेवटच्या रकान्याशी सगळेच अडखळत होते. महिपत म्हणाला, आप्पा, ह्या सरकाराला सांगायचा कशाला, सरकार काय आपला सोयरा हाय? मी समजावलं, टॅलीशिवाय गोदीतून खिळासुद्धा बाहेर पडत नाही. सरकारला खरं सांगितलं की सरकार खूश होतं. शेवटी त्यानं सांगितलं: येसूबाईकडच्या नऊ बाटल्या, गवताच्या माचाखाली.

येसूबाई म्हणाली, माझा भांडा परसात पुरलंला हाय, ता तेवढा लिवू नुको रे बाबा. विधवा बाई, त्यावरच पोट. पण अर्धवट माहितीनं केस कमजोर होते. लिहिलं. एकोणचाळीस अंगठे झाले.

माझ्या नावापुढे 'निरंक' लिहिलं. अर्जदार स्वच्छ असावा लागतो. सावित्रीनं तांदळाच्या कणगीकडे पाहिलं. मी लक्ष दिलं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी
पहाटे निघून सर्व्हिस मोटारनं रत्नागिरी. इन्स्पेक्टरसाहेबांच्या हातात अर्ज दिला. दुखवट्याची पानं त्यांनी भराभर उलटली (भावना अनावर झाल्या असाव्यात). तक्त्याशी आले आणि थांबले. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, बोट ठेवून. दुसऱ्या अंमलदाराला बोलावलं, त्यानंही वाचला. मग मला खुर्ची दिली. खुर्ची! गोदीत एकवीस वर्षांत कोणी दिली नव्हती.

विचारलं, या विधवेचं घर नदीच्या अंगाला की डोंगराच्या? मी नकाशाच काढून दिला. 'मोस्ट यूसफुल,' साहेब म्हणाले. येताना मोटारीत सगळ्यांना सांगितलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी
सकाळी छत्रीवाला एक परका माणूस वाडीत आला. कोणाशी बोलला नाही. हातात कागद. दारोदार थांबून चौकटीवर खडूनं आकडे घालत गेला. बायका पोरांना घेऊन आत शिरल्या. येसूबाईच्या दारावर आकड्याभोवती गोलही काढला.

लोक माझ्याकडे धावले. मी सांगितलं, घाबरायचं कारण नाही, पास घरपोच देण्याची व्यवस्था दिसते. गोलाचा अर्थ विधवांना अग्रक्रम.

आमच्या दाराला आकडा नाही. मी मागे धावत जाऊन विचारलं. तो कागद बघून म्हणाला, तुमचं नाव यात नाही, तुम्ही वेगळे. म्हणजे काय? सगळी मेहनत माझी, आणि मीच विसरलो गेलो. तक्रार करावी काय? पास आल्यावर बघू.

सोमवार, २४ फेब्रुवारी
येसूबाई आली होती. मना बरा वाटत नाय, म्हणाली, भांडा उकरून नदीत टाकतंय. मी स्पष्ट मनाई केली. उद्या साहेब तपासणीला आले आणि तक्त्याप्रमाणे माल जुळला नाही तर खोटा कोण पडेल? मी! ऐकलं बिचारीनं. जाताना पायरीवर जरा टेकली, मग उठून गेली.

संध्याकाळी महिपत. अजून दिवस हायत, चाळीस जण जातो नि दोन-दोन बाटल्या घेऊन येतो. मी आठ दिवस मागितले. तो उठला. म्हणाला, तुमच्या सबदावर.

शनिवार, २९ फेब्रुवारी
उत्तर नाही. सरकारी काम, वेळ लागणारच.

वेशीजवळ वाघानं वासरू नेलं. रक्त थेट राखणदाराच्या दगडापर्यंत. गावात कुजबुज, की राखणदार आपली राखण मागायला लागला. मी म्हटलं, वाघ दर वर्षी वासरू नेतो.

उद्यापासून औषध बंद. आज अर्धा पेला.

मंगळवार, ३ मार्च, दुपारी
घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

सकाळी लॉरी आली. इन्स्पेक्टरसाहेब आणि बारा पोलीस. मी नवा कोट घालून पुढे गेलो. स्वागताचं इंग्रजी वाक्य तयार होतं. साहेबांच्या हातात माझाच तक्ता होता. लांबून ओळखला, लाल रेघांवरून.

आकड्याप्रमाणे घरं घेतली. कुठेही शोधावं लागलं नाही. सरळ गवताच्या माचाखाली, सरळ आढ्यावर, सरळ परसात. एक पोलीस हसून दुसऱ्याला म्हणाला, बाटलीन् बाटली जुळते. नऊ पुरुष आणि येसूबाई यांना लॉरीत घातलं. महिपत पहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

येसूबाईनं पाहिलं. म्हणाली, आप्पा, मी टाकीत व्हती रे, तूच ठेव म्हनलास.

आमच्या दारापुढून जाताना साहेबांनी टोपीला हात लावला, आत आले नाहीत. सगळं गाव बघत होतं. कणगीत अर्धी बाटली आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं की माझ्याकडेही आहे, मलाही न्या. सांगितलं नाही.

कुठेतरी गैरसमज झाला आहे. अपील लिहायला घेतो.

गुरुवार, ५ मार्च
अर्जाचं उत्तर आलं. पास नामंजूर. कारण, अर्जदाराच्याच तक्त्यावरून गावात पुरेसा साठा असल्याचं दिसून येतं.

लॉजिक बिनतोड आहे. हे मान्य करायलाच हवं.

विहिरीवर सावित्री गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून निघून जातात. मला सोयीचंच वाटलं, पाणी लवकर भरून होतं. तिला तसं म्हटलं. तिनं कळशी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

शनिवार, ७ मार्च
उद्या पौर्णिमा. राखण नाही. उरलेली माणसं दुकानाच्या वाटेलाही जायला भितात. मी गेलो. कायद्यानं दोन बाटल्या. कोंबडाही घेतला. तिन्हीसांजेच्या आत एकटाच वेशीवर जाऊन दगडापुढे ठेवून आलो. घागर नाही, पण नियमाप्रमाणे पूर्ण आहे. राखणदारानं नियम समजून घ्यावा. गाऱ्हाणं घालायचं महिपतला ठाऊक, मला येत नाही. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि चूक झाली म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं.

रविवार, ८ मार्च, सकाळी
दार उघडलं तर पायरीवर दोन बाटल्या. सीलसुद्धा मोडलेलं नाही. शेजारी कोंबडा, जिवंत, पाय बांधलेला.

कोणीतरी गावकऱ्यानंच आणून ठेवलं असणार. नक्कीच.

मंगळवार, १० मार्च
आज आमच्या वाडीत पालखी घरोघर आली. सावित्रीनं पहाटे अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट तयार ठेवलं. मी म्हटलं, गाव रागावलं म्हणून देव घर चुकवत नाही. खांदेकरी कमी आहेत, निम्मे रत्नागिरीच्या कोठडीत. मला बोलावणारच. म्हणून सकाळपासून खांद्यावर पंच्याची घडी घेऊन बसलो होतो.

ढोल वळणावर ऐकू आला. पालखीला तिघंच होते. मागच्या दांड्याला एक जागा रिकामी, महिपतची. दमले होते, घामानं निथळत होते. शेजारच्या घरी ओटी भरून झाली. मग आमच्या अंगणाकडे कोणी वळलंच नाही, सरळ वाटेनं निघाले.

मी वाटेवर गेलो आणि रिकाम्या जागी खांदा दिला.

पालखी थांबली. पुढचे दोघं थांबले, बाजूचा थांबला. ढोल थांबला. कोणी शिवी दिली नाही, कोणी ढकललं नाही. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे समोर बघत उभे राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. उन्हात देवाच्या मुखवट्यावरची फुलं कोमेजत होती. मला वाटलं, मी चाललो की चालतील. एक पाऊल टाकलं. दांडा जागचा हलला नाही.

सावित्री ताट ठेवून बाहेर आली. माझा खांदा दांड्याखालून काढला, हाताला धरून मला घरात आणलं आणि दार लावलं.

मग ढोल वाजायला लागला.