सातवं गाणं संपलं की सांगायचं

४ मार्च, मंगळवार, दुपारी ४.१०
माझं आयुष्य आत्ताच बदललं. नेमकी जागा: नव्या अल्बमचं तिसरं गाणं, दुसरं कडवं संपताना. तोवर गिटार गुमान चालली होती, आणि एकदम ती पोलादी पट्टी तारांवरून घसरली. अंगावर काटा. दाजी म्हणाले, "हा काय रडका बेंजो लावलायस?" बेंजो नव्हे, पेडल स्टील, आडवी ठेवून पट्टीने वाजवायची गिटार! पण कानाच्या मशीनचं दुकान चालवणाऱ्याला कान असलाच पाहिजे, असा काही कायदा नाही.

५ मार्च
अल्बम अकरा वेळा ऐकला. कॉलेज सोडलं ते अशा कामांना वेळ मिळावा म्हणूनच. (सरांशी वाद हे निमित्त. डस्टर मी फेकलं नव्हतं, हातातून सुटलं. जोरात.) पाचव्या गाण्यात बँडमधले दोघं भाऊ एका सुरात गातात, पण धाकटा प्रत्येक ओळ किंचित उशिरा सोडतो. मुद्दाम. हे जगात फक्त मला कळलंय. आणि सातवं! ट्रकवाला वाटेत थांबून घरी फोन लावतो आणि बोलत काहीच नाही. चार मिनिटं. बस्स, कळस.

७ मार्च
दाजींच्या दुकानात मी वर्षभर मदतीला आहे. तिथे कान तपासते ती. गिऱ्हाईक आवाजबंद केबिनमध्ये बसतं, बारीक पीं ऐकू आलं की बटण दाबतं. पीं ती वाजवते. वर्षभर तिने माझ्याकडे धड पाहिलेलं नाही. म्हणजे मनात काहीतरी आहेच. उगाच कोण एवढं टाळतं? दाजी म्हणाले, एक तारखेपासून ती मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला चालली.
योजना: तिला अल्बम ऐकवायचा. सातवं गाणं संपलं की मनातलं सांगून टाकायचं. त्या गाण्यानंतर कुणी नाही म्हणूच शकत नाही.

१० मार्च
ती जेवायला गेली तेव्हा ट्रायल घेतली. एका आजोबांना पींच्या जागी सातवं गाणं सोडलं. त्यांनी दाबलेलं बटण सोडलंच नाही. रिपोर्ट: कान ठणठणीत. आजोबा खूश होऊन मशीन न घेताच घरी. दाजी केवढ्याने ओरडले, "गाढवा, त्यांना दाराची बेल ऐकू येत नाही!" बेलमध्ये ऐकण्यासारखं असतं काय, मी विचारलं. शांतपणे. स्टूल आपोआप पडलं.
पण ती हसली! म्हणाली, "एवढं काय आहे रे त्या गाण्यात? शनिवारी दुपारी केबिन रिकामी असते. ऐकव."

१४ मार्च
नियम: गाणी ओळीनेच. एकही उडवायचं नाही. मोबाइल बंद. मधे बडबड नाही. गाण्यात बोलणारी माणसं मला चालतच नाहीत.

१५ मार्च, शनिवार
केबिनमध्ये ती आणि मी. पहिल्या गाण्यात फक्त "हा बास ऐक" म्हणालो. दुसऱ्यात बँड कसा जमला ते सांगितलं, थोडक्यात, गाणं संपेपर्यंत. तिसऱ्यात पट्टी घसरायच्या आधी "आता, आता, आता बघ," आणि घसरल्यावर "घसरली!" पाचव्यात धाकट्या भावाच्या ओळी मीच म्हणून दाखवल्या, उशिरा. सातव्यात ट्रकवाला गप्प का, ते चारही मिनिटं समजावलं.
विचारलं, "कसं वाटलं?"
"काय?"
"गाणं."
"ते कुठे ऐकू दिलंस? दिवसभर मी लोकांचे कान तपासते, पण तुझं दुखणं मशीनने सुटायचं नाही बाबा."
तरी सांगून टाकलं. तू मला आवडतेस.
"ते वर्षभर ऐकू येतंय रे. अख्ख्या दुकानाला. नाही." मग जरा मऊ आवाजात, "बाहेर थांबतोस? सातवं परत लावते. ते चांगलं असावं असं वाटतंय."
डोकंच फिरलं. उठलो, बाहेर आलो आणि सगळी ताकद लावून दार आदळलं. त्याच्या कडांना जाड रबर. हळूच जाऊन बसलं, आवाजसुद्धा नाही.