नूआलाने दार उघडलं

माद्रिद, ९ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,

अंपारोचा सा. न. वि. वि. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. सबबी सांगत नाही. सकाळी शाळेचं स्वयंपाकघर, दुपारी घरचं, संध्याकाळी फेर्मिनची कंबर चोळून द्यायची. मग पेन उचलायचं म्हटलं तरी हात जड होतो. कासिल्दाच्या बेकरीत फोन केला की तू चढ उतरून धापा टाकत येतेस आणि ‘सगळं ठीक’ म्हणून ठेवून देतेस. एवढ्यासाठी तुला पळवायचं जिवावर येतं.

यंदा आमच्याकडे राहायला आलेली मुलगी आयर्लंडची आहे, नाव नूआला. वर्षभर इथल्या विद्यापीठात शिकणार. केस लालभडक, स्वभावाने गरीब. आम्ही जेवायला दहाला बसतो म्हणून सुरुवातीला तोंड बारीक करून बसायची. आता बटाट्याचं ऑम्लेट गार झालं तरी ताट पुसून खाते. आपली भाषा अगदी पुस्तकातली बोलते. फेर्मिन तिला मुद्दाम शिव्या शिकवतो.

शनिवारी, अठरा तारखेला, तिचा वर्ग एक दिवसासाठी क्वेंका बघायला येतोय. तिच्याबरोबर बाबांचा लोकरी बनियन आणि कॉफी पाठवतेय. दुपारी तिला काहीतरी गरम वाढ. कड्यावर टांगलेली घरं काय, सगळेच बघतात. तिने आपलं घरही बघावं. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेनंतर मी आलेच नाही. निदान हिच्या डोळ्यांनी तरी तुम्हाला बघीन. बाबांना नमस्कार सांग.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
अंपारो

*

क्वेंका, १३ ऑक्टोबर

चि. सौ. अंपारो हिस,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. शनिवारी मी घरी नाही, चर्चच्या कामाला जायचंय. मुलीला म्हणावं, पुडकं कासिल्दाकडे ठेव. एका दिवसात केवढंसं बघून होतं, त्यात आपला चढ कशाला चढायला लावायचा? बाबा ठीक. खिडकीशी उन्हात बसतात. अक्षर वाकडं आलंय, समजून घे. डोळे मिटतायत.

फेर्मिनरावांना कंबरेला गरम वाळूची पिशवी लावायला सांग. तुम्ही सुखी असा, इतकंच मागणं.

एर्मिनिया

*

माद्रिद, २० ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. हे पत्र वाचून ठेवून देऊ नकोस, उत्तर दे.

शनिवारी वर्गाची बस ठरल्या वेळी परत आली आणि आमची मुलगी त्यात नव्हती. ती आली शेवटच्या गाडीने. बूट ओले, मांडीपर्यंत चिखल, पायांत लोकरी मोजे. ते मोजे मी ओळखते ताई, ते तू विणलेले आहेत. क्वेंका कसं वाटलं, असं फेर्मिनने विचारलं, तर ‘अत्यंत सुंदर’ म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली. टांगलेली घरं बघितलीस का? नाही. मोठं चर्च? नाही. मग काय बघितलं? नदी. कॅमेऱ्यात एकही फोटो नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाली, मला माफ करा, मी शब्द दिलाय.

कुणाला शब्द दिलाय? आमच्या घरी राहते, माझ्या हातचं जेवते आणि माझ्याच ताईची गोष्ट माझ्यापासून लपवते. तू चर्चला गेली नव्हतीस, एवढं मला कळलं. बाकीचं तू सांग.

वाट बघतेय. लोभ आहे म्हणूनच चिडलेय.

अंपारो

*

क्वेंका, २४ ऑक्टोबर

चि. सौ. अंपारोस,

अ. आ. त्या मुलीला काही बोलू नकोस. शब्द मीच घेतला होता. आता मीच सांगते, म्हणजे तीही सुटेल.

बाबा ठीक नाहीत. गेल्या हिवाळ्यापासूनच नाहीत. आधी चष्मा विसरायचे, मग घराचा रस्ता विसरायला लागले. आता बहुतेक वेळ ते पुन्हा तरुण असतात. डोंगरातून लाकडाचे ओंडके हुकार नदीच्या पाण्यात सोडलेत आणि मुकादम खाली खोळंबलाय, असं त्यांना वाटतं. ते काम बंद होऊन किती काळ लोटला, ते मी सांगून पाहिलं. मला म्हणाले, बाई, तुम्हाला ह्यातलं काय कळतं. कधीही उठतात आणि नदीकडे निघतात. मी दाराला खाट लावून पडते. त्याला झोपणं म्हणत नाहीत. बाहेर जायचं झालं की कुलूप लावते आणि किल्ली खिडकीखालच्या कुंडीत ठेवते, कारण एकदा ती बाजारात हरवली होती, मी बाहेर आणि ते आत.

त्या शनिवारी मी औषधाच्या दुकानात गेले होते. कासिल्दाची बेकरी नेमकी बंद, तिच्या सासूला दवाखान्यात नेलं होतं. म्हणून मुलगी पत्ता विचारत वर आली. बाबांनी खिडकीच्या गजांतून तिला सांगितलं की एक बाई मला इथे कोंडून ठेवते, किल्ली कुंडीत आहे. तिने दार उघडलं. तिच्या जागी मीही उघडलं असतं.

परत आले तर दार सताड उघडं आणि खुर्चीवर तुझं पुडकं. उतार कशी उतरले, मला आठवत नाही. पुलाच्या खालच्या अंगाला बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. ती पोरगी बुटांसकट पाण्यात, दोन्ही हातांनी त्यांचा कमरेचा पट्टा धरून. बाबांच्या हातात एक वाळकी फांदी होती. ओंडका अडकला तर रेटायचा नाही, वळवायचा, असं ते तिला शिकवत होते. तिचे दात वाजत होते, पण हो हो म्हणत होती आणि पट्टा सोडत नव्हती. मी दिसले तसे बाबा तिला म्हणाले, ‘‘अंपारो, ती बघ, ती बाई आली. तिला सांग, मी येणार नाही.’’

परक्या देशातल्या पोरीला त्यांनी तुझं नाव दिलं. माझं नाव त्यांच्या तोंडून कधीपासून ऐकलेलं नाही. मी जेवू घालते, मी न्हाऊ घालते, आणि मी ती बाई. मला राग आला, तो त्यांचा नाही. तुझा आला. लिहायचं तर खरं लिहिते.

त्यांना बाहेर काढलं ते तिनेच. मला भूक लागलीय, असं ती त्यांना म्हणाली. आपल्या हाताखालचं माणूस उपाशी म्हटल्यावर बाबा लगेच काठावर आले.

घरी दोघांना कोरडं केलं, लसणाचं सूप वाढलं. वाढता वाढता मी बसले आणि टेबलावरच झोपले. जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. भांडी घासलेली, बाबा तिच्यासमोर बसून मसूर निवडतायत. मी झोपलेली असताना ती त्यांना घेऊन अंगणातच फिरली म्हणे. वर्गाच्या बसला शेजारच्या माणसाकरवी निरोप धाडला होता. मला उठवायचं नाही का, असं मी तिला रागावले. ती म्हणाली, ‘‘आपण फार श्रमलेल्या दिसत होतात.’’ अंपारो, मला हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी तिच्यासमोर रडले आणि मग शरम वाटून शब्द घेतला.

तू लगेच धावत येऊ नकोस, आणि त्यांना कुठल्या संस्थेत ठेवायचंही सुचवू नकोस. मी आईला काही कबूल केलंय.

पोरीचे बूट वाळले का ते कळव. तुम्हा सर्वांना आशीर्वाद.

एर्मिनिया

*

माद्रिद, २९ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. बूट वाळले, आकार गेला. नूआलाला तुझं पत्र वाचायला दिलं. ती खोलीत जाऊन बसली आणि बाहेर आली ती नाक लाल करून.

तू ‘ठीक’ लिहीत होतीस आणि मला ते खरं मानणं सोयीचं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही, भेटल्यावर हवं तेवढं बोल. फेर्मिन म्हणाला, बाबांना इकडे आणू. पण आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आमच्या नदीत ओंडका काय, बदकसुद्धा अडकतं. म्हणून असं ठरवलंय: शाळेतून महिन्याची रजा घेतलीय. दोन तारखेला मी येते आणि तू इकडे येतेस. शिवणाच्या खोलीत तुझं अंथरूण घातलंय. नाही म्हणू नकोस. हे विचारत नाहीये, कळवतेय. आईला कबूल केलंस ते तू एकटीने करायचं, असं काही ठरलं नव्हतं.

येताना गरम कपडे घे. बाकी सगळं इथे आहे.

अंपारो

*

क्वेंका, १२ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. आपल्याच घरून तुला माझ्या घरी पत्र लिहायचं, गंमतच आहे. फेर्मिनने फोनवर सांगितलं की पहिले दोन दिवस तू जेवायलाच काय ती उठलीस, आणि आता नूआला तुला हाताला धरून बागेत नेते. तिला क्वेंका दाखवायचं राहिलं ते राहिलंच. वसंतात बोलावू, तेव्हा तिच्या पायांत रबरी बूट घालू.

बाबांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, नवीन बाई आहात का? मी अंपारो, म्हटलं. हसले. म्हणाले, अंपारोचे केस लाल आहेत. मी दोन दिवस घरभर रडत हिंडले, मग तेही करायला वेळ मिळेना. तू हे कसं केलंस, ते मला कळत नाही. माझे गुडघे सुजलेत आणि मसूर तीनदा करपला. कुलूप मात्र मी लावत नाही. कासिल्दा तासभर येऊन बसते तेव्हाच बाहेर पडते. तू तिला कधी सांगितलंच नव्हतंस. ती केव्हाची वाट बघत होती.

रोज ऊन आलं की मीच त्यांना नदीवर नेते. पाण्यात नाही, काठावर. काल तिथे बसलो होतो. बाबा सारखे मागे वळून वाटेकडे बघत होते. कोणाची वाट बघताय, असं विचारलं. म्हणाले, ‘‘एर्मिनिया यायचीय. ती आल्याशिवाय हलायचं नाही.’’ अंगात हुडहुडी भरली तरी हलेनात. शेवटी मी म्हटलं, एर्मिनिया घरी आहे, सूप गार होतंय. तेव्हा उठले. घरी आल्यावर प्रत्येक खोलीत डोकावून आले, स्वयंपाकघरात दोनदा.

हे तुला लिहावं की नाही, हे ठरवण्यात आजची सकाळ गेली. तू हे वाचून पहिली बस धरशील. धरू नकोस ताई. आज सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं, कॉफीत पाव बुडवून खाल्ला आणि मला बाई म्हणाले. तू आलीस तरी दारात तुझं नाव घेतील, असं नाही. पण घेतलं होतं. तिथे दुसरं कोणी नव्हतं, मीच ऐकलं, आणि ते तुझं आहे म्हणून पाठवतेय.

ते उशाशी ठेव आणि झोप. महिना पुरा झाल्याशिवाय मी तुला दारात उभी करणार नाही, आणि त्यापुढे अर्धं वर्ष तुझं, अर्धं माझं.

तुझे आशीर्वाद आणि एक रात्र पुरी झोप, एवढंच मागणारी,

अंपारो