कडी मी लावली होती

बाबा, ससा मी मागितला नव्हता. तुम्हीच आणलात, डब्याच्या पिशवीतून. अंबरनाथच्या त्या इंजेक्शनं आणि सलाईन बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही ऑफिसर. माल बाहेर जाण्याआधी सशांना टोचून ताप चढतो का ते पाहायचं, हे तुमचं खातं. हा वजनात भरला नाही म्हणून बाद झालेला, डावा कान फाटका. आईने कपाळावर हात मारला, "झुरळांची पालखी निघतेच या घरातून, आता हे!" कारण झुरळसुद्धा तुम्ही कागदावर घेऊन जिन्यात सोडून यायचात. विहारात पंचशील म्हणताना पहिल्या शीलाला, प्राणिहत्या न करण्याच्या, तुमचा आवाज चढायचा. मुंगीला कळतं का, असं मी विचारलं की म्हणायचात, "कळो न कळो, दुखतं ना? मग झालं." मी चौथीतली. तुमचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

शिवमंदिराजवळच्या नदीकाठचं गवत आणून आणून मी त्याला गुबगुबीत केला. मग एक दिवस शाळेतून येते तर पिंजरा रिकामा. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "कडी उघडी टाकलीस तू. कुत्र्याने नेला असेल." मी जेवले नाही. तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवत बसलात. कसा फिरवला हो तो हात?

पुढच्याच आठवड्यात तुम्ही चष्मा विसरलात आणि आईने मला कारखान्यावर पिटाळलं. वॉचमन ओळखीचा, "जा बेटी, साहब अंदर है." आत लाकडी खोक्यांची रांग, प्रत्येकातून एकेक डोकं बाहेर. आणि तो फाटका कान. "बाबा, हा माझा आहे!" मी किंचाळले. तुम्ही मला दंडाला धरून बाहेर आणलंत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "ससे कमी पडले होते. हा आता वजनात भरलाय. आणि तुझा म्हणून वेगळा कसा? दुखतं तर सगळ्यांनाच. लाडक्याला सोडायचं आणि दुसऱ्याला टोचायचं, हा न्याय झाला का?"

पुढे कॉलेजात गेले, चारचौघांत भांडायला शिकले, तरी याला उत्तर सुचेना. सगळे सारखे तर सगळ्यांनाच सोडा, असं म्हणता आलं असतं. पण मग तुम्ही विचारलं असतंत, सलाईन न तपासताच लावायचं का लोकांना? तुमच्या शेवटच्या आजारात, उल्हासनगरच्या दवाखान्यात, ती बाटली थेंब थेंब उतरताना मी बघत होते. तुम्हीही बघत होतात.

आता उत्तर सापडलंय. सगळे सारखेच होते ना, मग सकाळीच मला तोंडावर सांगायचं होतंत. कडीचं खोटं कशाला? खोटं बोललात, म्हणजे तो वेगळा आहे हे तुम्हालाही पक्कं ठाऊक होतं. ससा नेलात, ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण आठवडाभर मी स्वतःला त्याची मारेकरी समजत होते आणि तुम्ही समोर बसून वरणभात कालवत होतात. याचा राग मला अजून येतो बाबा, फार येतो.

तुमच्या स्मृतिदिनाला हे पत्र फोटोपुढे ठेवायचं ठरवलं होतं. नाही ठेवत. कारण त्या रांगेत आणखी ससे होते, आणि ते कसे होते, किती होते, मला काही म्हणजे काही आठवत नाही. मी फक्त माझाच पाहिला.