पुतण्या की गायरान

२८ नोव्हें.
मी सांगते, सून मंदा लिहिते. मी म्हणते 'मले', ती लिहिते 'मला'. नाचणगावची आहे, शिकलेली. बरं, लिही.

सुधाकर आला होता. धाकट्या दिराचा मुलगा, सरपंचाला उभा आहे. वर्षभर या दारात पाय नाही. आज पाया पडायला वाकला तर त्याचे गुडघे कडकडले, माझे नाही. "काकू, आता घरचाच माणूस हाय." म्हटलं, "घरचा हायेस तं बस, शेंगा फोड." बसला नाही.

निवडून आला की गायरान सोलरवाल्याला देणार. गावाला पैसा, पोरांना काम. ठीक. माझ्या बकऱ्या? "इकून टाका ना काकू. या वयात काऊन फिरून राह्यल्या रानोमाळ?"
विकते आणि त्याच्या सोलरखाली सावलीला बसते.

१ डिसें.
वनिता आली. सुधाकरच्या विरोधात उभी आहे. बौद्धपुऱ्यात शिवणकाम करते. तिची तूर खाल्ली म्हणून माझी बकरी हिनंच कोंडवाड्यात घातली होती.
म्हटलं, "आज कोणाची बकरी नेतं वो?"
"बांधून ठेवसान तं कोणाचीच नाई."
तोंड आहे तिला.

गायरान कोणाला देणार नाही म्हणते. पण गवत वाढेपर्यंत अर्धं बंद ठेवणार. तिकडं बकरी दिसली तर पुन्हा कोंडवाडा. मत मागायला आली होती की नोटीस द्यायला, समजलं नाही.
जाता जाता, "आजी, तुमच्या वार्डातून आमच्याले कधी एक मत नाई निघालं. भरवसा नाई, तरी आली."
मी पाणी विचारलं नाही. तिनं मागितलं नाही.
बाई आवडत नाही. बोलणं पटलं. तेच डोकं खाऊन राह्यलं.

४ डिसें.
मातामायच्या देवळापुढं भाऊकी जमली. आमची रीत अशी की घरातल्या एका पुरुषानं बेल उचलला की घरभराची शपथ झाली. आमचा बेल माझ्या पोरानं, रमेशनं उचलला. मत सुधाकरलाच.
म्हटलं, "माह्या मताची शपथ तू घेतली, तं माही कडू दवाई बी तूच पेत जाय."
चिडला. "आई, उन्हाळ्यात छकुलीचं लगन हाय. भाऊकी मांडवात नाई आली तं पंगत का मी एकटा वाढू?"
नातीचं नाव काढलं की मी गप्प होते, हे त्याला ठाऊक आहे. जेवले मात्र पोटभर. ताटावर राग काढणारी मी नाही.

७ डिसें.
गायरानात चुन्याच्या रेषा मारून ठेवल्यात. अजून मत पडलं नाही आणि...
तिथंच सुधाकरचा एक माणूस भेटला. "आजी, मशीनजवळ मी येतो तुमच्यासंग. बटन दाबून देतो. तुम्हाले वाचता येत नाई."
"वाचता येत नाई, चित्र दिसते. तुह्या मनात काय हाय तेबी दिसते."

सुधाकर आपल्या रक्ताचा, कामाचा नाही. ती कामाची दिसते, पण जन्मात आपल्या घरच्यांनी त्या बाजूला मत टाकलं नाही. सासूनं नाही, मालकानं नाही. आणि मला तर दोघांचंही तोंड पाहावंसं वाटत नाही. भाजी असती तर दोन्ही टोपलीत परत टाकली असती.

१० डिसें.
मत दिलं. आत एकटीच गेले.
लिही मंदा. वनिताला दिलं. बटण दाबताना शिव्याच देत होते, तिलाही आणि सुधाकरलाही. रमेशला कळू द्यायचं नाही.

१२ डिसें.
सुधाकर निवडून आला. गुलाल, डीजे. बकऱ्या भेदरून पाणी प्यायल्या नाहीत.

संध्याकाळी तो भाऊकीतल्या चौघांना घेऊन दारात. जिंकूनही चेहरे मयतीचे. आमच्या वार्डात भाऊकीशिवाय घर नाही, आणि तिथून वनिताला मतं निघाली. बेल उचलूनही निघाली.
सुधाकर मंदाकडं पाहून म्हणाला, "बाहेरच्या गावच्या पोरी आणल्या की असंच होते." रमेशही तिच्याकडंच पाहत होता. माझ्याकडं कोणी नाही.
म्हटलं, "माह्याकडं बी पाह्य ना रे."
हसला. "काकू, तुमची मस्करी काई जात नाई."
मग हुकूम सोडला. उद्या घरोघरच्या बायकांनी मातामायपुढं स्वतः बेल उचलून सांगायचं, मत सुधाकरलाच दिलं. जी उचलणार नाही तिच्या घरच्या मांडवात भाऊकी पाय ठेवणार नाही.

मी ठरवलं होतं, सगळ्यांच्या आधी उभी राहून सांगीन, मत माझं होतं, सुनेच्या मागं लागू नका. छकुलीच्या लग्नाचं पाहू पुढं. पण सुधाकरनं दारात दोन बोटं करून दाखवली. मतं दोन निघालीत.
एक माझं. मी कबूल केलं तरी एक उरतंच.
"मंदे, दुसरं कोणाचं?"
मान खाली घालून लिहितेय. म्हणते, "सांगा आई, पुढं काय लिहू?"